दिवसाआड लहान होणारे मांजर

चाळीस वर्षे मी मुलांना गणित शिकवले. त्यातल्या किती मुलांना ते आले हा वेगळा विषय आहे, आणि तो इथे काढायचे कारण नाही. सांगायचे इतकेच की, एका मांजराच्या पिल्लाचे वय काढणे आपल्याला जड जाईल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

पिल्लू माझ्या नातीचे. नात आठ वर्षांची. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात, आणि तिला पाच मिनिटे पाहिलेला माणूस का म्हणून विचारत नाही. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली पाण्याच्या पंपाची खोली आहे, तिथे तिला ते सापडले. रंग राखाडी, पुढचे दोन्ही पाय तेवढे पांढरे, जणू पिठाच्या डब्यात हात घालताना पकडले गेले आहे. मुलगा आणि सून दोघेही नोकरीला जात असल्यामुळे पिल्लू ठेवायचे की नाही हा निर्णय माझ्यावर आला. म्हणजे तो आमच्या हिने घेतला आणि मला कळवला.

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींची नोटीस दारावर लागली. आमचे सेक्रेटरी एका कचेरीच्या दप्तरखान्यातून निवृत्त झाले आहेत, पण दप्तर त्यांच्यातून निवृत्त झालेले नाही. काखेत फाइल असल्याशिवाय ते दूध आणायलाही जात नाहीत. नोटीस अशी होती: "एका घरात एकच मांजर ठेवता येईल. मांजरास लस टोचल्याचा डॉक्टरांचा दाखला महिनाअखेर सादर करावा. अन्यथा मांजर इमारतीबाहेर सोडण्यात येईल."

महिनाअखेरीला एकोणीस दिवस होते. भिंगरीने नोटीस दोनदा वाचली आणि पहिली ओळ तिसऱ्यांदा वाचली. तिच्या वाचनाचे मला कौतुक वाटले, आणि ते मी बोलूनही दाखवले.

"आजोबा, ते खरंच बाहेर सोडतील?" तिने विचारले.

"दाखला नसेल तर सोडतील. पण दाखला असेल. आजोबा आहेत ना!"

हे वाक्य मी छाती पुढे काढून म्हटले. पुढे ते मला अनेकदा आठवले, दर वेळी छाती थोडी आत घेऊन.

लस कधी टोचायची, हा प्रश्न मी चुकून जिन्यात विचारला. आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू राहतात. त्यांना इमारतीत 'चौकशी खिडकी' म्हणतात, कारण त्यांच्यापाशी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर असते आणि त्या कायम खिडकीत असतात.

"आठवा आठवडा लागला की टोचायची," त्या खिडकीतूनच म्हणाल्या. "आधी टोचली तर पाण्यात जाते."

"सहावा!" समोरच्या दारातून विमावाले म्हणाले. विमा विकणाऱ्या माणसाला कुणाच्याही आयुष्याचे आठवडे तोंडपाठ असतात.

"तुम्ही कधी मांजर पाळलंय का?" काकूंनी विचारले.

"तुम्ही?"

"मी पाळलं नाही, पण बघितलीत पुष्कळ. आणि गुरुजी, डॉक्टर मात्र पारखून घ्या हो. माझ्या मावसबहिणीच्या कुत्र्याला एका डॉक्टरकडे नेलं होतं."

"मग? काय केलं त्यानं?"

"काही केलं नाही! तेच तर सांगतेय. नुसता बघत राहिला आणि म्हणाला, कुत्रा ठणठणीत आहे."

"मग होता का ठणठणीत?"

"होता. पण त्याला काय माहीत?"

चाळीस वर्षांत असा प्रतिवाद एकाही विद्यार्थ्याने केला नव्हता.

मी वाचनालयातून पाळीव प्राण्यांवरचे पुस्तक आणले. दुपारी इमारतीतली पाच-सहा मुले माझ्याकडे गणिते सोडवायला येतात, त्यांनाही शिकवले. पिल्लाला आईच्या दुधातून रोगांशी लढायची थोडी ताकद मिळते. ती अंगात असते तोवर लस फारसे काम करू शकत नाही. ती ओसरत जाते, आणि नेमकी कधी संपते ते कळत नाही, म्हणून सहा ते आठ आठवड्यांचे असताना पहिली लस देतात आणि पुढे तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पुन्हा देतात.

"म्हणजे आईनं दिलेला डबा संपला की कॅन्टीन उघडायचं," विमावाल्यांची मुलगी म्हणाली.

इतके नेमके उत्तर मलाही सुचले नसते. मी तिला शाबासकी दिली आणि माझ्या नावावर हे वाक्य पुढे दोन-तीन ठिकाणी वापरले.

प्रश्न राहिला वयाचा. पंपाच्या खोलीत जन्माची नोंद ठेवत नाहीत. तेव्हा मी मुलांना म्हटले, आपण शास्त्रीय पद्धतीने जाऊ. रोज दुपारी चार वाजता पिल्लाचे वजन करायचे, भिंतीवर आलेख काढायचा, आणि वाढीच्या वेगावरून मागे मागे जात जन्मदिवस गाठायचा. हिच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा मी विनंती करून मिळवला. त्यावर पिल्लू ठेवण्याआधी आणि नंतर तो माझ्याच हातांनी धुण्याची अट होती.

रोज चार वाजता भिंगरी आतून पिल्लू आणायची. मी आकडा वाचायचो, मुले टिंब काढायची.

सोमवारी आठशे वीस ग्रॅम. मंगळवारी सहाशे दहा. बुधवारी आठशे चाळीस. गुरुवारी सहाशे वीस.

आलेखाची रेघ करवतीसारखी दिसू लागली. मी काटा तपासला. त्यावर साखरेची पुडी ठेवली, ती रोज तेवढीच भरली. साखर प्रामाणिक होती. म्हणजे दोष मांजरात होता.

"आजोबा, मांजर दिवसाआड लहान होतं," एक मुलगा म्हणाला.

"असं होत नसतं. कारण शोधायचं."

मुलांनी कारणे शोधली. एकाच्या मते मंगळवारी आणि गुरुवारी त्याने वजन करायच्या आधीच शी केली होती. मी म्हटले, दोनशे ग्रॅम? मुले बराच वेळ हसत राहिली आणि तास तिथेच संपला. विमावाल्यांच्या मुलीने चंद्राचा संशय घेतला. मी तिला नाउमेद केले नाही. कोणतीही कल्पना तपासल्याशिवाय फेकू नये असे मी मानतो, म्हणून आलेखाच्या खाली आम्ही चंद्राच्या कलाही काढल्या. चंद्र निर्दोष सुटला. या सगळ्या काळात भिंगरी, जी एरवी एका जागी बसत नाही, अगदी गप्प बसून रंगीत खडूंना टोक काढत होती. विषयात रस निर्माण झाला की मूल शांत होते, हा माझा जुना अनुभव मला पुन्हा आल्यासारखा वाटला.

आलेखाने हात टेकल्यावर डॉक्टर शोधणे आले. पारखून घ्या, हे काकूंचे शब्द डोक्यात होते. मी रीतसर प्रश्नपत्रिका काढली. प्रश्न चार: पिल्लाचे वय किती? नर की मादी? तब्येत कशी? लस आज द्यावी का? सकारण लिहा. ठरवले असे की, दोन वेगवेगळ्या डॉक्टरांना हीच प्रश्नपत्रिका द्यायची, आणि उत्तरे जुळली तरच सुई पिल्लाच्या अंगाला लागू द्यायची.

पहिले डॉक्टर मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या दाराच्या दवाखान्यातले. तरुण, स्वच्छ, घाईत. भिंगरीने टोपली टेबलावर ठेवली.

"आठ आठवड्यांचा बोका," दात पाहून ते म्हणाले. "छान गुटगुटीत आहे. लस आजच देऊन टाकू."

"देऊन टाकू नका," मी म्हटले. "आधी दुसऱ्या परीक्षकाकडून तपासून घेतो."

"कशाचे परीक्षक?"

"तुमचे."

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की, मला माझ्या पहिल्या शाळेतल्या मुख्याध्यापकांची आठवण झाली.

दुसरे डॉक्टर गावाबाहेरच्या रस्त्यावरचे. त्यांचे आयुष्य गाई-म्हशींमध्ये गेलेले, आवाजही त्याच मापाचा. दोन दिवसांनी आम्ही गेलो. त्यांनी पिल्लू एका तळव्यावर घेतले तेव्हा ते तळव्यात हरवले.

"भाटी आहे!" ते गरजले. बाहेर बांधलेल्या एका म्हशीने मान वळवली. "सहा-सात आठवड्यांची असेल, नाहीतर आठाची असून हाल झालेत. पोट बघा, जंत आहेत. आज लस नाही. आधी जंतांचं औषध."

मी वहीत पाहिले. एकाचा गुटगुटीत बोका, दुसऱ्याची हडकुळी भाटी. चारपैकी एकही उत्तर जुळत नव्हते. एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोन मुलांची उत्तरे तंतोतंत जुळली की मला संशय येत असे, पण इतकी न जुळणे मी प्रथमच पाहत होतो.

"मावशीचा मुलगा म्हणाला होता, डॉक्टर शिकलेले नसतात," काकूंनी खिडकीतून निकाल दिला.

"कुत्रा मावसबहिणीचा होता ना?"

"कुत्रा तिचा. मत याचं."

महिनाअखेरीला आठ दिवस उरले होते. दोघांपैकी कोण खरा हे ठरवण्यासाठी मी पहिल्या डॉक्टरांची फेरपरीक्षा घ्यायचे ठरवले. भिंगरी म्हणाली, "आजोबा, त्यांच्याकडे नको." मला वाटले, पोरीला काचेच्या दाराची भीती वाटते. मीच टोपली उचलली, मीच पिल्लू आत घातले आणि मीच गेलो.

"पुन्हा एकदा बघा," मी नम्रपणे म्हटले. "नर की मादी?"

डॉक्टरांनी शेपूट वर केली. "मादी."

"चार दिवसांपूर्वी तुम्ही बोका म्हणाला होतात."

"शक्य नाही."

"तुमच्या नोंदवहीत बघा."

त्यांनी नोंदवही पाहिली. मग शेपूट पाहिली. मग पुन्हा नोंदवही. त्यांनी आतून मदतनीस बाईंना बोलावले. बाईंनीही पाहिले आणि मादी सांगितले. बाहेर बाकावर पोपट घेऊन बसलेले एक गृहस्थ उठून आत आले आणि त्यांनीही पाहिले. डॉक्टर खुर्चीत बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मी पाच वर्षं शिकलोय हो."

"वय लहान आहे तुमचं," मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटले. "चुका होतात. उत्तर लिहिल्यावर एकदा तपासायची सवय लावा."

हे मी बोललो. माझ्या तोंडाने. ते आठवले की आजही मी एकटा असलो तरी मान खाली घालतो.

आता शेवटचा उपाय म्हणून, मागच्या गल्लीत एका शिंप्याच्या दुकानाशेजारी बसणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जायचे ठरले. एकच खोली, एक टेबल, एक पंखा, आणि पंख्याच्या वाऱ्याने उडणाऱ्या चिठ्ठ्या दाबायला औषधाची रिकामी बाटली. सोबत मी आलेखाची गुंडाळीही घेतली होती. भिंगरी टोपली पोटाशी धरून उभी होती.

बाईंनी पिल्लू तपासले. प्रश्नपत्रिका बाजूला सारली. आलेख मात्र टेबलावर पसरला आणि बराच वेळ पाहिला. आमच्या चंद्राच्या कलांवर त्यांचे बोट थोडे थबकले.

"वजन रोज एकाच वेळी केलंत?"

"चारच्या ठोक्याला."

"काटा एकच?"

"एकच. साखरेनं तपासलेला."

"रेघ सुंदर काढलीय. पण एक मांजर असं वाढत नाही." मग त्या माझ्याकडे नाही, भिंगरीकडे वळल्या आणि सहज म्हणाल्या, "दुसरं घरी ठेवलंस का गं?"

भिंगरीने माझ्याकडे पाहिले, टोपलीकडे पाहिले, आणि होकारार्थी मान हलवली.



"दुसरं?" मी म्हटले. "दुसरं काय?"

"भाऊ," भिंगरी म्हणाली. "आज बहीण आणलीय. दोघं सारखी दिसतात, आजोबा. ती आपल्या बंद पडलेल्या वॉशिंग मशीनच्या टबात राहतात. मी एकेकाला आळीपाळीनं बाहेर काढते."

"मला का नाही सांगितलंस?"

"नोटिशीत लिहिलंय एकच. आणि तुम्ही विचारलं, मांजर किती आठवड्यांचं. किती मांजरं, असं कुणी विचारलंच नाही."

मी धावत घरी जाऊन हिला हे सांगितले. ही भाजी निवडत होती. "हो," ती म्हणाली. "रोज दोन अंडी उकडते मी. एवढंसं पिल्लू दोन अंडी खातं असं वाटलं का तुम्हाला?"

"तुला ठाऊक होतं?"

"अहो, मशीन दुरुस्त करून आणा म्हणून मी दोन वर्षं सांगतेय. एकदा जरी झाकण उघडलं असतंत तर तुम्हालाही ठाऊक झालं असतं."

सुनेला ठाऊक होते. मुलाला ठाऊक होते. विमावाल्यांच्या मुलीलाही ठाऊक होते, आणि चंद्राचा मुद्दा तिने मुद्दाम काढला होता. आठवडाभर मी ज्या वर्गाला शास्त्र शिकवत होतो, त्या वर्गात न समजलेला एकच विद्यार्थी होता.

पण माझ्या अब्रूचे दुःख करायला वेळ नव्हता. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पिल्ले बोलावून तपासली. दोन्ही एकाच वयाची, आठ आठवड्यांच्या आसपास. बोका दांडगा, तो बहिणीच्या वाट्याचेही खात होता. त्याला त्यांनी त्याच दिवशी लस टोचली. बहिणीला जंतांचे औषध दिले आणि म्हणाल्या, "हिची तब्येत सुधारू दे. दहा दिवसांनी आणा. आजारी पिल्लाला घाईनं टोचण्यात अर्थ नाही."

दहा दिवसांनी म्हणजे मुदत संपल्यावर पाच दिवसांनी. आणि नियम एका घरात एकाच मांजराचा.

"बोक्याचा दाखला झालाय," मुलगा रात्री जेवताना चाचरत म्हणाला. "म्हणजे एक तर राहतंय..."

भिंगरीने ताट पुढे सरकवले. ती रडली नाही. रडली असती तर बरे झाले असते. ती फक्त म्हणाली, "कोणतं ते तुम्ही मला विचारू नका हं," आणि आत जाऊन वॉशिंग मशीनला टेकून बसली.

सकाळी मी सेक्रेटरींना अर्ज लिहिला. चाळीस वर्षांत हजारो मुलांनी माझ्याकडे मुदत मागितली आणि मी एकालाही दिली नाही. आता 'कृपया' हा शब्द लिहिताना हात जड झाला. अर्जात मी सगळे खरे लिहिले: मांजरे दोन आहेत, मला माहीत नव्हते, एक आजारी आहे, दहा दिवस द्यावेत.

सेक्रेटरींनी अर्ज तीनदा वाचला. "अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "त्याकरता मुदत देतो. पण दोन मांजरं दोन घरांत पाहिजेत. नियम तो नियम. मी स्वतः येऊन मोजणार."

दुसरे घर कोणते, हा प्रश्न हिने सोडवला. ती वर गेली आणि चौकशी खिडकीच्या दारात उभी राहून म्हणाली, "काकू, तुम्हाला मांजरांतलं एवढं कळतं. एक तुमच्या घरी ठेवा. भिंगरी रोज येईल."

काकूंनी आयुष्यात प्रथमच आपले ज्ञान नाकारले. "मी? मला कुठे काय येतं त्यातलं?" असे त्या म्हणाल्या, पण तोवर पिल्लू त्यांच्या खिडकीत जाऊन बसले होते. ती जागा त्यालाही आवडली.

दहा दिवसांत बहिणीने बाळसे धरले. डॉक्टरीणबाईंनी तिला लस टोचली. मधल्या काळात मी काचेच्या दाराच्या डॉक्टरांकडे दोन्ही पिल्ले घेऊन गेलो आणि त्यांच्या मदतनीस बाईंसमोर माफी मागितली. ते एकदम उभे राहिले, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "आठ दिवस मी शेपटी उचलायला घाबरतोय हो."

रविवारी सकाळी सेक्रेटरी फाइल घेऊन मोजणीला आले. आमच्या घरी त्यांनी मांजर पाहिले: राखाडी, पुढचे पाय पांढरे. लिहून घेतले. मग ते गुडघे धरत जिना चढून वर गेले. काकूंच्या खिडकीत मांजर होते: राखाडी, पुढचे पाय पांढरे. पेन थांबले.

"हे तर खालचंच आहे!"

"अहो, हे वरचं," काकू म्हणाल्या.

"मला फसवता? मी जिना चढेपर्यंत तुम्ही ते मागच्या बाजूनं वर आणलं. मांजर एकच आहे आणि दाखले दोन! एक दाखला खोटा आहे!"

ज्या माणसाला दोन मांजरे एक वाटतात त्याच्यावर रागावण्याचा अधिकार साऱ्या इमारतीत एका मला नव्हता. विमावाल्यांनी दोन्ही दाखले दाखवले. काकू एक बोलल्या, सेक्रेटरी दोन बोलले. जिन्यात सगळी दारे उघडली. "दोन्ही मांजरं एका वेळी, माझ्या डोळ्यांसमोर आणा," सेक्रेटरी ओरडले, "नाहीतर दोन्ही दाखले रद्द!"

भिंगरी खाली धावली आणि बोक्याला घेऊन वर आली. खिडकीतून तिने बहिणीला उचलले. मग ती सेक्रेटरींसमोर उभी राहिली आणि एक पिल्लू तिने त्यांच्या उजव्या हातात दिले आणि दुसरे डाव्या.

काखेतली फाइल खाली पडली. मला या इमारतीत येऊन सतरा वर्षे झाली, ती फाइल खाली पडलेली मी प्रथमच पाहिली.

"दोन आहेत," सेक्रेटरी म्हणाले.

"हो," भिंगरी म्हणाली.

"हं. मग सही करतो. यातलं एक कुणीतरी धरा."

जिन्यात बारा-पंधरा माणसे होती. कुणीही हात पुढे केला नाही. काकू खिडकीबाहेर पाहू लागल्या, विमावाले चष्मा पुसू लागले. बोका सेक्रेटरींच्या शर्टाच्या बाहीत तोंड खुपसून घुरघुरत होता, आणि बहीण त्यांच्या अंगठ्याला धरून चक्क झोपी गेली होती. सेक्रेटरी पुतळ्यासारखे उभे राहिले. एक मिनिट गेले, दोन गेले. कुणाला वाटावे, त्यांना सहीचा विसर पडला.

मग त्यांनी बहिणीची झोप मोडू नये म्हणून आवाज अगदी खाली आणला आणि मला विचारले, "गुरुजी, यांचा दुसरा डोस कधी आहे म्हणालात?"